पाण्याखालची पाळ

हैदराबाद,
दि. १७ नोव्हेंबर २०२४

ती. आबाजींस,
पुष्पांजलीचा कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. फोनवर माझं बोलणं माठात मधमाशी शिरल्यासारखं ऐकू येतं, तेव्हा यापुढे पत्रच लिही, ही तुमची अट कबूल. फक्त आजीला सांगा, तुम्हाला गोंदियाला कानाच्या डॉक्टरकडे नेण्याचा हट्ट तिने सोडू नये.

तुम्ही विचारलंय की मी नेमकं करते काय. तलावात जाळी टाकणारे आपले टेकचंदकाका विचारतात, तेव्हा तुम्ही म्हणे नुसतं कंपूटरमध्ये आहे म्हणून वेळ मारून नेता. तर ऐका. मी आणि दुर्गेश्वरी (तिरोड्याची, मागच्या दिवाळीला घरी येऊन अनारशांचा फडशा पाडून गेली ती) अशा दोघींनी नोकऱ्या सोडून स्वतःचं काम सुरू केलंय. आम्ही व्हिडिओ गेम बनवतो. त्यात मारामारी नसते, हे आजीला सांगा.

पहिलंच मोठं काम मिळालंय. इंग्लंडच्या उत्तरेला समुद्रकाठच्या एका गावात लहानसं संग्रहालय आहे. त्या गावात पूर्वी वाफेवर चालणाऱ्या मासेमारीच्या बोटी होत्या, त्यांना ट्रॉलर म्हणत. गोंदियाच्या राईस मिलमध्ये असायचा तसा बॉयलर बोटीच्या पोटात, वर उंच धुराडं, आणि समुद्राच्या तळावरून ओढत न्यायचं अवाढव्य जाळं. त्यातली 'एडिथ' नावाची बोट कधीच भंगारात गेली. उरले ते थोडे नकाशे आणि फोटो. त्यावरून ती गेममध्ये पुन्हा उभी करायची. संग्रहालयात येणारा माणूस पडद्यावर तिच्यात चढेल, कोळसा घालेल, जाळं टाकेल आणि परत घरी येईल.

मेख एकच आहे. एडिथवर काम केलेला एकच माणूस आता हयात आहे. विल्फ नावाचे आजोबा, नव्वदीच्या पुढचे, नजर अधू होत चाललेली. त्यांनी पाहून हीच आमची बोट असं म्हटलं, तरच संग्रहालय बोट ठेवून घेणार. नाही म्हणाले तर काम गेलं, आणि दोघींचं दुकान बंद. पण ते नाही कशाला म्हणतील? बोट एवढी देखणी होतेय की मला रोज तिची दृष्ट काढावीशी वाटते.

आजीला नमस्कार. लोभ काठोकाठ असू द्यावा, सांडव्यावरून वाहून जाऊ देऊ नये.

तुमची,
पुष्पांजली


मु. चिचटोला, नवेगाव बांधजवळ,
दि. १ डिसेंबर २०२४

चि. पुष्पांजली हिस,
अ. उ. आ. वि. वि.

तुहं पत्र मिळालं. धान चुरून झालं, घरात आलं. कानाच्या डॉक्टरचं वाचलं तेव्हापासून तुही आजी मले पुन्हा टोचून राहिली. तुले ते लिहाची काय गरज होती?

पत्र ओसरीवर मोठ्यानं वाचलं. तुही आजी सुमित्राबाई होती अन् टेकचंद होता. आमाले समजलं ते असं. एक बोट होती, ते भंगारात गेली. तू तिले पुन्हा बनवून राहिली, पण तिच्यात कोणाले बसता येणार नाही. मासे सापडतील, पण खाता येणार नाही. बोट बुडाली तं कोणी मरणार नाही. टेकचंद म्हणे, शेवटचं तेवढं बरं आहे. पण तळ खरवडणारं जाळं ऐकून त्याचं तोंड कडू झालं. तळच खरवडला तं पुढच्या साली काय धराचं, असं तो विचारून राहिला. त्या म्हाताऱ्याले विचारजो.

एक गोष्ट मनात आहे, ते लिहून टाकतो. आपण कोहळी माणसं, तलाव बांधणारी. हा तलाव आपल्या आज्यापणज्यानं बांधला. मिरगाच्या आधी, पावसानं बांध खचू नये म्हणून, माणशी एक टोपलं माती पाळीवर टाकाची, हे गावची रीत तुले माहीत आहे. जो बाहेरगावी आहे त्याच्या नावाचं टोपलं घरच्यानं टाकाचं, नाही तं त्याचं नाव गावातून गेलं. तू गेली तेव्हापासून तुह्या नावाचं मी टाकून राहिलो. टाकताना दर साली मनात येते, हे पोरगी तिथं खुर्चीवर बसून करते तरी काय? हाताले माती लागत नाही ते काम कसं? तुले राग आला तं येऊ दे. मी तोंडावर बोलतो, पाठीमागं नाही.

अन् पोरी, तू समुद्र पाहिला काय? मी नाही पाहिला. पाहिला नसंल तं आधी पाहून घे, मंग त्याच्यात बोट सोड.

जेवणाची हयगय करू नको. माया आहे, ते सांगा लागत नाही.

तुहा आजा,
उमराव


हैदराबाद,
दि. १२ जानेवारी २०२५

ती. आबाजींस,
कृ. सा. न. वि. वि.

राग आला नाही. खरं सांगायचं तर दोन दिवस आला, मग आजीने पाठवलेले लाडू खाऊन गेला. आणि नाही, समुद्र मी पाहिलेला नाही. व्हिडिओ मात्र शेकड्यांनी पाहिले, आणि तेवढ्यावर मला वाटलं की झालं.

झालं नव्हतं. मागच्या आठवड्यात विल्फ आजोबांना बोट पहिल्यांदा दाखवली. त्यांना संग्रहालयात मोठ्या पडद्यासमोर बसवलं होतं, आम्ही दोघी इथून बोलत होतो. माणूस तुमच्याच जातकुळीतला, बोलणं फटकळ. सुरुवात झकास झाली. धुराडं पाहून त्यांनी मान डोलावली. बॉयलरचा आवाज दुर्गेश्वरीने गोंदियाच्या एका जुन्या राईस मिलमध्ये जाऊन भरून आणलाय. तो ऐकून ते चक्क हसले. टेकचंदकाकांचा प्रश्नही मी विचारला. त्यावर म्हणाले की त्या माणसाला सांगा, तू आमच्या बोटमालकांपेक्षा शहाणा आहेस.

मग बोट बंदराबाहेर निघाली, खोल समुद्रात आली, आणि ते पुढे वाकले. विचारू लागले की ही कोणती जमीन दिसतेय. मला काही कळेना. त्यांनी बोटाने दाखवलं. इकडे जमीन, तिकडे जमीन, मागे जमीन.

आबाजी, मी समुद्राला चारी बाजूंनी काठ काढला होता. ठळक नाही, पाणी संपतं तिथे एक काळपट रेघ. ती कधी काढली हेसुद्धा मला आठवत नाही. लहानपणापासून पाणी म्हटलं की पलीकडे पाळ आणि पाळीवर झाडं, हात आपोआप तेच काढून गेला. दुर्गेश्वरीने ती रेघ रोज पाहिली आणि तिलाही खटकली नाही, कारण तीही आपल्याच तलावांच्या मुलखातली. विल्फ आजोबा म्हणाले की एडिथ कधी डबक्यात नव्हती, आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला.

संग्रहालयाने मे महिन्यात एकदा पुन्हा दाखवायची संधी दिली आहे. त्यानंतर नाही, कारण तोवर त्यांच्या डोळ्यांचं काय होईल ते सांगता येत नाही. दुर्गेश्वरी रडली, मग एकमेकींकडे बघून दोघींना हसू फुटलं. काठ पुसायला एक दुपार पुरली. पण काठ पुसल्यावर नवीनच पंचाईत झाली. नुसतं पाणी. बोट कुठे आहे तेच कळत नाही, खेळणारा माणूस जातो तो भरकटतो आणि कंटाळून उठतो.

पण करीन. काहीतरी सापडेलच, मला खात्री आहे. कोणाला सांगू नका एवढंच. आशीर्वादात काटकसर नको.

तुमची,
पुष्पांजली


मु. चिचटोला,
दि. २७ जानेवारी २०२५

चि. पुष्पांजली हिस,
अ. उ. आ. वि. वि.

तुहं पत्र वाचून मी इतका हासलो का तुही आजी चुलीपासून उठून आली. कोहळ्याच्या पोरीनं समुद्राले पाळ बांधली. कोणाले सांगू नका असं तू लिहिलं होतं, पण ते वाक्य मी शेवटी वाचलं, तोपर्यंत अर्ध्या गावाले सांगून झालं होतं. राहिलेल्याले काल झेंडावंदनाले सांगितलं.

लाजाची गोष्ट नाही. पाणी दिसलं का पाळ घालाची, हे रक्तात आहे. डबकं म्हणाचं त्या म्हाताऱ्याचं काही काम नव्हतं. आपल्या तलावाले डबकं म्हणणाऱ्याशी मी बोलत नाही. पण त्याले हे कळवू नको, नजर जाऊन राहिली बिचाऱ्याची.

इकडं सध्या धुकं लय पडून राहिलं. मंगळवारी सकाळी टेकचंदच्या डोंग्यात बसून गेलो. तुही आजी नाही म्हणत होती, मले ऐकू आलं नाही. तलावाच्या मधात गेलो तं चहूकडं पांढरंफटक. ना पाळ दिसे, ना झाड. ज्या तलावावर जन्म गेला तिथं मले घर कोणीकडं ते समजे ना. पोरी, मी घाबरलो. खोटं कायले सांगू. तेव्हा तुह्या बिनकाठाच्या पाण्याची आठवण झाली. टेकचंदले मात्र काही नाही. त्यानं बांबू तळाले टोचला, वर काढला, टोकाचा गाळ बोटानं चोळला अन् डोंगा वळवला. जरा वेळानं आपला घाट समोर.

तं मी म्हणतो, त्या म्हाताऱ्याले विचार. धुक्यात, अंधारात, जमीन दिसत नाही तेव्हा तुमी घरी कसे येत होते? बांबू तं समुद्रात पुरणार नाही. पण काही तं करतच असतील, नाही तं सारे बुडाले असते अन् तो तुह्या बोटीले नावं ठेवाले राहिला नसता.

थंडी आहे, कानाले बांधत जा. तुह्यावर माया आहे तशीच आहे, हासलो म्हणून कमी झाली नाही.

तुहा आजा,
उमराव


हैदराबाद,
दि. २३ फेब्रुवारी २०२५

ती. आबाजींस,
कृ. सा. न. वि. वि.

तुम्ही डोंग्यात बसून धुक्यात गेलात हे आजीने फोनवर वेगळ्या शब्दांत सांगितलं. ते शब्द लिहीत नाही.

विल्फ आजोबांना तुमचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. डबक्यावरून ते अजून घुश्शात होते, हो-नाही एवढंच बोलत होते. प्रश्न ऐकला आणि एकदम उठून बसले. म्हणाले, हे तुम्हा पोरींना कोणी सांगितलं? मग तासभर बोलत राहिले.

शिशाचा जड ठोकळा दोराला बांधून तळाशी सोडायचा. ठोकळ्याच्या बुडाला खळगा असतो, त्यात चरबी थापायची. दोरावरून पाणी किती खोल ते कळायचं, आणि चरबीला तळाची माती चिकटून वर यायची. कप्तान ती बोटांत चोळायचा, हुंगायचा, कधी जिभेवर ठेवायचा, आणि सांगायचा आपण कुठे आहोत ते. विल्फ आजोबा बोटीवर लागले तेव्हा तो ठोकळा वर ओढायचं काम त्यांचंच होतं. टेकचंदकाकांचा बांबू, आबाजी. फक्त लांब.

आणि आता खरी गोष्ट ऐका. समुद्राचा तळ सपाट नसतो. मध्येच लांबच लांब उंचवटा येतो, तिथे पाणी उथळ होतं आणि मासे जमतात. बोटी त्या उंचवट्यांच्या शोधात जायच्या. म्हणजे समुद्रालाही पाळ असते, ती पाण्याखाली असते एवढंच. मी ती वर काढून ठेवली होती. हे कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून नाचले, शेजाऱ्यांनी दार वाजवलं.

आता गेममध्ये ठोकळा सोडला की माती वर आली पाहिजे, आणि जागोजागची वेगळी. फोटो पाहून माती करायचा प्रयत्न केला. दुर्गेश्वरी म्हणाली, चॉकलेट दिसतंय. आबाजी, हात लावल्याशिवाय मला ती जमणार नाही. इथे बिल्डिंगखाली नुसतं सिमेंट आहे. तलाव उतरला की तीन-चार जागची माती डब्यांत भरून पाठवाल का? ओलीच हवी.

आजीला पाया पडते. मायेबरोबर या खेपेला मातीही द्यावी.

तुमची,
पुष्पांजली


मु. चिचटोला,
दि. २४ मार्च २०२५

चि. पुष्पांजली हिस,
अ. उ. आ. वि. वि.

माती पाठवली. डबे तुह्या आजीचे लोणच्याचे आहेत, त्याच्यावरून घरात महाभारत झालं. मातीले आंबट वास आला तं तो आपल्या तलावाचा समजू नको.

पाळीच्या बुडाची लाल आहे, हाताले चिकटते, सोडत नाही. नाला तलावात येते तिथली रेताड आहे. काळी आहे ते ऐन मधातली. तिच्यासाठी टेकचंद कमरेएवढ्या गाळात उतरला अन् वर आला तेव्हा त्याची बायको त्याले वळखे ना. ते सांभाळून वापरजो.

पार्सल कराले मी स्वतः गोंदियाले गेलो. कुरियरवाला पोट्टा विचारून राहिला, आत काय आहे. माती, म्हटलं. म्हणे बाबाजी, हैदराबादमें मिट्टी नहीं मिलती क्या? मी सांगितलं, हे हैदराबादसाठी नाही, इंग्लंडच्या समुद्रात टाकाची आहे. त्यानं माह्याकडं पाहिलं अन् चुपचाप पावती फाडली.

म्हातारा नाही म्हणाला तं काय, असं तुही आजी रोज विचारते. मी तिले म्हणतो, नाही म्हणाला तं पोरगी घरी येईल अन् आपलं टोपलं आपल्या हातानं टाकील, त्यात काय बिघडलं? असं तिले म्हणतो. पण पोरी, तुले लिहितो ते वेगळं आहे. त्यानं होय म्हणावं असं मले फार वाटते.

ऊन वाढलं, पाणी पीत जा. आमी सारे तुह्याकडं कान लावून बसलो, मीही.

तुहा आजा,
उमराव


हैदराबाद,
दि. १८ मे २०२५

ती. आबाजींस,
कृ. सा. न. वि. वि.

आज पत्राला घाई आहे, अक्षर समजून घ्या.

काल विल्फ आजोबांनी बोट पाहिली. हिवाळ्यापासून नजर आणखी गेलीय, पडद्याला नाक लागेल इतकं जवळ बसवावं लागलं. एडिथ बंदरातून निघाली. ते डावीकडे बघत राहिले, मग उजवीकडे, मग बोट वळवून मागे. जमीन शोधत होते. कुठेच नव्हती. मग खुर्चीला पाठ टेकली आणि म्हणाले की आता कुठे मी घरापासून लांब आलो.

त्यानंतर त्यांनी आपणहून ठोकळा सोडायला लावला. पहिल्या दोन जागी राखाडी वाळू आली, शिंपल्यांचा चुरा मिसळलेली. आपल्या रेताड मातीवरून ती केली होती. त्यावर नुसती मान डोलावली. तिसरी जागा उंचवट्याची. तिथे मी टेकचंदकाकांची काळी माती ठेवली होती, कारण सगळ्यांत जिवंत तीच उतरली होती. ठोकळा वर आला. ते बघत राहिले आणि म्हणाले की ही आमच्या समुद्राची माती नाही, अशी माती आमच्याकडे कुठेच नाही.

दुर्गेश्वरीने माझा दंड असा धरला की अजून वळ आहे. पण आबाजी, बोलताना त्यांचा अंगठा बोटांवर फिरत होता. हातात काही नव्हतं, तरी माती चोळत होते. कितीतरी वेळ. मग विचारलं की ही माती कोणाची. मी सांगितलं, माझ्या आजोबांची, त्यांनी डब्यात घालून पाठवली, धुक्याचा प्रश्नही त्यांचाच. ते म्हणाले की खऱ्या मातीत हात घातल्याशिवाय अशी करता येत नाही. आणि म्हणाले, ही एडिथ आहे. संग्रहालयाच्या बाईंना ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाले. नंतर डोळे पुसत बसले, आणि आम्ही दोघी इथे.

काळी माती मी काढून टाकते म्हटलं, तर नको म्हणाले. एडिथच्या कप्तानाला म्हणे मरेपर्यंत वाटायचं की अजून कोणाला न सापडलेली माशांची एक जागा आहे. ती ही असू दे, म्हणाले. नवी जागा सापडली की तिला माणसाचं नाव द्यायचं, अशी त्या बोटीवरची रीत होती. तर पुढच्या आठवड्यात एडिथ संग्रहालयात लागेल, आणि तिच्या समुद्राच्या नकाशावर पाण्याखाली एक पाळ असेल, तिचं नाव उमराव. ही जागा काल्पनिक आहे अशी टीप खाली असेल, तिकडे लक्ष देऊ नका. टेकचंदकाकांना सांगा, तिथे मासे भरपूर आहेत आणि त्या एका जागी जाळं तळाला लागत नाही, तशी सोय मी करून ठेवलीय.

मिरगाला येता येणार नाही, दुसरं काम आलंय, अशाच एका बोटीचं. दिवाळीला दोघी येतो, आजीला अनारशांचं सांगून ठेवा. लोभ आता समुद्रापार पोचला, तो तसाच राहू द्यावा.

तुमची,
पुष्पांजली


मु. चिचटोला,
दि. ६ जून २०२५

चि. पुष्पांजली हिस,
अ. उ. आ. वि. वि.

तुहं पत्र पहिल्यांदा मी मनात वाचलं. ओसरीवर नाही. मंग तुह्या आजीले वाचून दाखवलं. ते उठून देवापाशी दिवा लावून आली. भरदुपारी.

टेकचंदनं विचारलं, तिथं मासे कोणत्या जातीचे आहेत. त्याले कळव.

आज पाळीवर माती टाकाचा दिवस. सारं गाव होतं. माह्या नावाचं टाकलं, सुमित्राबाईचं टाकलं. तुह्या नावाचं भरलं अन् डोक्यावर घेऊन पाळीवर जरा उभा राहिलो. शालीकराम पाटील खालून ओरडला, उमरावभाऊ, काऊन थांबला, पोरीचं नाव गावातून काढलं काय? मी त्याले सांगितलं का माही पोरगी समुद्रात पाळीवर माह्या नावाचं टोपलं टाकून बसली, हे तिचं इथं टाकून राहिलो, आमचा आजा-नातीचा हिसाब बराबर. शालीकराम म्हणे, समुद्रात कसली पाळ? मी त्याले म्हटलं, हे तुले समजणार नाही, ते पाण्याखाली आहे.

मंग तुहं टोपलं टाकलं अन् पायानं दाबून बसवलं.

घरी आलो तसाच लिहाले बसलो. तुही आजी मोरीपाशी पाणी काढून ओरडून राहिली, मले ऐकू येत नाही. हात धुतले नाही, कागदाले माती लागली असंल. ते झाडू नको, तशीच राहू दे.

तुहा आजा,
उमराव